विंडोज १० वरून ११ वर जावे का? लेगसी बूटचा डेस्कटॉप आणि सहाव्या पिढीचा लॅपटॉप (मदत हवी आहे)

उंबरठा (धागाकर्ता)

दोन यंत्रांबद्दल सल्ला हवा आहे.

डेस्कटॉप: इंटेल आय५-८४००, एच३१० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी रॅम (एकच पट्टी), २५६ जीबी साटा एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क. दुसऱ्या मॉनिटरसाठी जीफोर्स २१० कार्ड बसवले आहे. विंडोज १० प्रो, ६४ बिट, आवृत्ती २२एच२. मायक्रोसॉफ्टचे तपासणी-साधन 'पीसी हेल्थ चेक' म्हणते की प्रोसेसर चालेल, पण टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) सापडत नाही आणि सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) नाही. विंडोजच्या एमएसइन्फो३२ या माहितीच्या खिडकीत बायोस (यंत्र सुरू करणारे बोर्डवरचे सॉफ्टवेअर) मोड 'लेगसी', म्हणजे जुन्या पद्धतीचा, दिसतो. एसएसडीवर चार विभाग: सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी आणि रिकव्हरी.

लॅपटॉप: आय५-६२००यू, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १० होम. इथे थेट 'प्रोसेसर चालणार नाही' असे उत्तर येते.

डेस्कटॉपला जुना फ्लॅटबेड स्कॅनर जोडलेला आहे. राउटरला लावलेली एक डिस्क नेटवर्कवरून पासवर्डशिवाय उघडते, तीही रोज लागते.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला हे माहीत आहे. प्रश्न असा: डेस्कटॉपवर ११ टाकावे का, टाकायचे तर सगळे पुसून की आहे त्यावरच? आणि लॅपटॉपचे काय करावे?

चिपसेट

डेस्कटॉपवर जरूर टाका. आठव्या पिढीचा प्रोसेसर अधिकृत यादीत आहे. टीपीएम 'नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'बंद आहे' एवढाच असतो. या पिढीच्या बोर्डांवर वेगळी चिप नसली तरी इंटेलचे पीटीटी असते, म्हणजे फर्मवेअरमधलेच टीपीएम २.०. बायोसमध्ये ते 'सिक्युरिटी', 'ट्रस्टेड कम्प्युटिंग' किंवा 'पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन' अशा नावाखाली सापडेल. चालू केल्यावर विंडोजमध्ये टीपीएम.एमएससी उघडून 'स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०' दिसते का ते पाहा.

खरी अडचण लेगसी बूटची आहे. सिक्युअर बूटला यूईएफआय (लेगसीच्या जागी आलेली बूटची नवी पद्धत) लागते आणि यूईएफआयने बूट व्हायला एसएसडी जीपीटी (डिस्कवरचे विभाग नोंदवायची नवी पद्धत) पद्धतीची लागते. तुमची एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीची, आहे. बायोसमध्ये आधीच यूईएफआय केलेत तर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असे येईल. तसे झाले तर घाबरू नका, सेटिंग परत लेगसी करा, विंडोज जसेच्या तसे उठेल.

आता क्रम, आणि हा मोडू नका. एमबीआर ते जीपीटी आणि लेगसी ते यूईएफआय हे बदल विंडोज १० वर असतानाच करा. मग चार-आठ दिवस १० च वापरा. सगळे सुरळीत असेल तरच ११ टाका. विंडोज १० ला जीपीटी आणि यूईएफआयची काहीच अडचण नसते. दोन्ही कामे एकाच दुपारी उरकली आणि यंत्र अडकले, तर दोष डिस्कचा, बायोसचा की ड्रायव्हरचा हे शोधत बसावे लागते. लोकांचे अपग्रेड फसते ते बहुतांशी इथेच.

१. आधी पूर्ण एसएसडीची इमेज (हुबेहूब प्रत) बाहेरच्या डिस्कवर घ्या. नुसत्या फाइल्स कॉपी करून भागणार नाही. इमेज घेणाऱ्या प्रोग्रॅमचा बूट होणारा पेनड्राइव्हही करा आणि त्यावरून यंत्र सुरू होऊन इमेज दिसते का ते तपासा. इमेज आहे पण ती उघडायला काही नाही, ही अवस्था फार वाईट.

२. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'मॅनेज-बीडीई -स्टेटस' चालवा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि संरक्षण 'सस्पेंड' करा.

३. 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस'. ही फक्त तपासणी आहे, डिस्कवर काही बदलत नाही.

४. तपासणी पास झाली तर त्याच आज्ञेत व्हॅलिडेटच्या जागी 'कन्व्हर्ट'.

५. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, सीएसएम (लेगसी बूट चालू ठेवणारे सेटिंग) बंद करा, बूट मोड यूईएफआय करा. रूपांतर झाल्यावर लेगसीत विंडोज उठणार नाही.

६. विंडोज उठले की मग सिक्युअर बूट चालू करा. काही बोर्डांवर आधी 'फॅक्टरी कीज' बसवाव्या लागतात, त्याशिवाय पर्याय चालू दाखवूनही स्थिती 'ऑफ' राहते.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरांत. १ टीबीच्या डिस्कला हात लावू नका. ती फक्त साठवणीची आहे, एमबीआर राहिली तरी चालते.

कळफलक

वरच्या क्रमात तिसऱ्या पायरीलाच अडाल. एमबीआर२जीपीटीला त्या डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी विभाग चालतात. तुमचे चार आहेत. एक्स्टेंडेड किंवा लॉजिकल विभाग असेल तर तोही चालत नाही.

सोपा उपाय: डी मधला मजकूर १ टीबीच्या डिस्कवर हलवा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून डी विभाग काढून टाका. रिकामी जागा तशीच सोडा. जीपीटी झाल्यावर चारची मर्यादा उरत नाही, तेव्हा तिथे पुन्हा डी करता येईल किंवा ती जागा सी ला जोडता येईल. जोडायची असेल तर ती सी च्या लगेच उजवीकडे हवी. मध्ये रिकव्हरी विभाग असेल तर 'एक्स्टेंड' पर्याय करडाच राहील.

रिकव्हरी विभाग काढून तीनचा आकडा गाठायचा सल्लाही मिळेल. होते तसेही, पण डी हलवता येत असताना त्या भानगडीत पडू नका. आणि डी वर एखादा प्रोग्रॅम इन्स्टॉल केलेला असेल तर आधी तो रीतसर काढा. नुसते फोल्डर हलवून तो चालणार नाही.

बायोसवाला

जीफोर्स २१० बद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. ते कार्ड आधी काढा.

ते २००९ च्या सुमाराचे आहे आणि त्याच्या बायोसमध्ये यूईएफआयचा भाग नसतो. सीएसएम बंद करून रीस्टार्ट केले की स्क्रीन काळी राहील, बायोससुद्धा दिसणार नाही. काही बोर्ड असे कार्ड पाहून सीएसएम आपणहून परत चालू करतात, मग माणूस तासभर 'सेटिंग सेव्ह का होत नाही' शोधत बसतो. आधीच अडकलात तर वीज बंद करून कार्ड काढा, मॉनिटर बोर्डच्या पोर्टला लावा. तरीही चित्र नाही आले तर बोर्डवरच्या सीएमओएस क्लिअर पिना जोडून मूळ सेटिंग आणा. डिस्क तोवर जीपीटी झालेली असेल तर त्यानंतर सीएसएम पुन्हा बंद करायला विसरू नका.

तसेही ते कार्ड डायरेक्टएक्स १०.१ वर थांबलेले आहे, विंडोज ११ ची अट १२ ची आहे. तुमच्या प्रोसेसरमधले यूएचडी ६३० त्याच्यापेक्षा सरस आहे. बोर्डला दोन व्हिडिओ पोर्ट असतील तर दोन्ही मॉनिटर त्यावरच चालतील.

बोर्डचा नवा बायोस उपलब्ध असेल तर तोही आत्ताच टाका, बिटलॉकर चालू करण्याआधी. फर्मवेअर टीपीएम असलेल्या यंत्रावर बायोस अपडेटनंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल तर डिस्कवरचे सगळे गेलेच.

उंबरठा (धागाकर्ता)

कार्ड काढले, डी रिकामा करून काढला. व्हॅलिडेट पास. कन्व्हर्टही झाले, पण शेवटी संदेश आला: रीएजंट.एक्सएमएल अपडेट करता आली नाही, विन-आरई (विंडोजचे दुरुस्तीचे साधन) हाताने बंद-चालू करा. यूईएफआयमध्ये विंडोज १० व्यवस्थित उठले, टीपीएम २.० दिसते. हा संदेश सोडून द्यावा का?

चिपसेट

सोडून देऊ नका, पण काळजीचेही नाही. चालू विंडोजमधून रूपांतर केले की हा संदेश बऱ्याचदा येतो. विभागांची ओळख बदलली, रिकव्हरीच्या नोंदीत जुनीच राहिली. अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये 'रीएजंटसी /डिसेबल', मग 'रीएजंटसी /एनेबल', शेवटी 'रीएजंटसी /इन्फो'. स्थिती 'एनेबल्ड' आली की झाले. हे न करता ११ टाकले आणि पुढे कधी दुरुस्तीचा निळा पडदा लागला तर तो उघडणारच नाही.

कळफलक

आता पुसून की त्यावरच? त्यावरच टाका. तुमच्या विंडोज १० मध्ये काही बिघाड असल्याचे दिसत नाही. परवाना बोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे प्रो वरून प्रो वर जाताना की विचारली जाणार नाही.

आयएसओ (विंडोज ११ बसवायची फाइल) मायक्रोसॉफ्टच्या स्थळावरून घ्या, दोनदा क्लिक करून उघडा, आतले सेटअप चालवा. 'फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा' हा पर्याय करडा दिसला तर तिथेच थांबा. बहुधा आयएसओची भाषा जुळत नसते. 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' या दोन वेगळ्या भाषा धरल्या जातात. आधीची कोणती आहे हे 'डिझम /ऑनलाइन /गेट-इंटल' सांगेल.

सी वर ३० जीबी तरी मोकळे ठेवा. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस आणि व्हीपीएन काढा, बंद करून भागत नाही. १ टीबीची डिस्क, स्कॅनर आणि इतर यूएसबी वस्तू तेवढ्यापुरत्या सोडवून ठेवा.

नेहमी दिसणारे दोष: ०एक्ससी१९००१०१ ने सुरू होणारा आकडा म्हणजे जवळजवळ नेहमी ड्रायव्हर. ०एक्ससी१९००२०८ म्हणजे एखादा न जुळणारा प्रोग्रॅम. 'सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आले नाही' म्हणजे ईएफआय विभागात जागा संपली. 'माउंटव्हॉल वाय: /एस' ने तो उघडून ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स या मार्गावरच्या फॉन्टच्या फाइल्स काढल्या की बहुधा पुरेशी जागा होते. फक्त त्याच फोल्डरमधल्या, शेजारच्या नाहीत.

स्कॅनर: विंडोज १० च्या ६४ बिट आवृत्तीत चालणारा ड्रायव्हर ११ मध्ये सहसा चालतो. न चालल्यास विंडोज सिक्युरिटीत 'कोअर आयसोलेशन' पाहा. 'मेमरी इंटेग्रिटी' एखादा जुना ड्रायव्हर अडवत असेल तर त्याचे नाव तिथे दिसते.

राउटरची डिस्क मात्र नक्की अडेल. २४एच२ (विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती) पासून प्रो आवृत्तीत एसएमबी (नेटवर्कवरच्या फाइल्स उघडायची पद्धत) जोडणीला डिजिटल सही सक्तीची आहे आणि पासवर्डशिवायचा पाहुणा-प्रवेश बंद आहे. सक्ती काढून टाकायचे उपाय बरेच जण सांगतील. त्यापेक्षा राउटरच्या सेटिंगमध्ये वापरकर्ता आणि पासवर्ड तयार करा, एसएमबी २ किंवा ३ निवडा. राउटरला फक्त एसएमबी १ येत असेल तर ती डिस्क सरळ डेस्कटॉपलाच लावा.

८ जीबी रॅम पुरेल. वाढवायचीच तर तशीच दुसरी पट्टी घाला. दोन पट्ट्या एकत्र चालण्याचा (ड्युअल चॅनेल) फायदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला लगेच मिळतो, आणि आता दोन्ही मॉनिटर त्यावरच आहेत.

उंबरठा (धागाकर्ता)

हे सगळे करतो. लॅपटॉपवर अट चुकवून ११ टाकता येते असे वाचले. टाकावे का?

बायोसवाला

टाकता येते आणि चालतेही. एक रजिस्ट्री नोंद आहे, पूर्वी मायक्रोसॉफ्टच्याच पानावर होती, नंतर काढून टाकली. किंवा रुफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्ह करताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची तपासणी वगळता येते. २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ आणि पॉपसीएनटी या आज्ञा असणे भागच आहे, ते चुकवता येत नाही. पण सहाव्या पिढीत दोन्ही आहेत. मला यात फार गैर वाटत नाही.

चिपसेट

मला वाटते. मासिक सुरक्षा अपडेट येतात, पण पुढची वार्षिक आवृत्ती अशा यंत्राला आपणहून मिळत नाही. दर वेळी आयएसओ आणून, अट चुकवून टाकावी लागते. होम-प्रोच्या प्रत्येक आवृत्तीचा पाठिंबा २४ महिन्यांचा, तो संपला आणि तुम्ही विसरलात की सुरक्षा अपडेटही बंद. हौसेच्या यंत्रावर ठीक. ज्यावर पैशांचे व्यवहार होतात त्यावर नको.

त्यापेक्षा ईएसयू (पाठिंबा संपल्यावरही विंडोज १० ला सुरक्षा अपडेट देणारी मायक्रोसॉफ्टची योजना) घ्या. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा असतो. २२एच२ आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जचा क्लाउड बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, नवी सोय किंवा इतर दुरुस्त्या काही नाही. 'डिफेंडरला (विंडोजच्या अँटिव्हायरसला) २०२८ पर्यंत अपडेट आहेत, मग ईएसयू कशाला' असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. त्या व्हायरस ओळखायच्या याद्या आहेत, विंडोजमधली भोके त्यांनी बुजत नाहीत.

त्या तारखेनंतर लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली. २२ ची मालिका २०२९ पर्यंत चालेल आणि या प्रोसेसरला हलकी जाते. आत्ताच पेनड्राइव्हवरून न बसवता चालवून पाहा. वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणे आणि परत उठणे, एवढे तपासले की पुरे.

कळफलक

डेस्कटॉपचे एक राहिले. ११ वर पोहोचल्यावर परत १० वर यायची मुदत १० दिवसांची असते. पहिल्याच दिवशी अ‍ॅडमिन प्रॉम्प्टमध्ये 'डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:६०' चालवा, ती ६० दिवस होईल. तोवर डिस्क क्लीनअपमध्ये 'आधीचे विंडोज' या ओळीवर खूण करू नका, विंडोज.ओल्ड गेले की मुदत असूनही परतीचा पर्याय दिसत नाही. स्कॅनर आणि राउटरची डिस्क त्या मुदतीत वापरून पाहा. मगच ते फोल्डर काढा.