फ्लोटात प्रोफाइल, प्रोफाइलात पातळ्या, लांबी प्रत्येकाची वेगळी: नेटसीडीएफमध्ये ठेवायचं कसं?

अरबी_लाट:
अरबी समुद्रातल्या आर्गो फ्लोटांचा (समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित तरंगत्या मापकांचा) डेटा एका नेटसीडीएफ (आकड्यांसाठीचा फाइल-प्रकार) फाइलमध्ये गोळा करतेय. फ्लोट साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटरवरून वर येतो आणि येताना तापमान, क्षारता मोजतो; अशा एका फेरीतली मोजमापं म्हणजे एक प्रोफाइल, आणि त्यातली एकेक खोली म्हणजे पातळी. माझ्या जुन्या फ्लोटांच्या प्रोफाइलमध्ये सत्तरेक पातळ्या आहेत, नव्यांत हजारापर्यंत. म्हणजे यादीत यादी, त्यात आणखी यादी. पायथनच्या नमपाय लायब्ररीचा अ‍ॅरे तसाच एच५पायला (एचडीएफ५ फाइली लिहिणारी लायब्ररी; नेटसीडीएफ-४ त्याच एचडीएफ५वर उभं आहे) दिला, तर ऑब्जेक्ट डीटाइप (ठरलेला आकड्यांचा प्रकार नसलेला डेटा) चालत नाही म्हणून एरर येते. मग पिकल करून (पायथनच्या स्वतःच्या पद्धतीने) ठेवलं. गेल्या आठवड्यात ती फाइल सहकाऱ्याकडे उघडलीच नाही, कारण माझं नमपाय २ आणि त्याचं जुनं. दोन वर्षांचं काम अशा फाइलच्या भरवशावर ठेवायला जीव धजत नाही. आर्गोच्या मूळ फाइलींसारखं चौकोनी करून रिकाम्या जागी ९९९९९ भरू का?

खोलपाणी:
भरा की. कॉम्प्रेशन लावलंत तर डिस्कवर ते ९९९९९ फारशी जागा खात नाहीत. मी तेच करतो, पायथनच्या एक्सअ‍ॅरेमध्ये सरळ उघडतं.

दीपस्तंभ_६२:
डिस्कवर नाही खात, पण वाचताना मेमरीत सगळं फुगतं. ४०० प्रोफाइल ७० पातळ्यांची आणि १२० प्रोफाइल १००० पातळ्यांची धरा. खरी मोजमापं १,४८,०००. चौकोन ५,२०,००० घरांचा.

ताई, आता तुम्हाला कोणीतरी एचडीएफ५ चा व्हीलेन (प्रत्येक घरात वेगळ्या लांबीची यादी ठेवणारा) प्रकार सुचवेल. दिसायला अगदी हवा तसा आहे. मी तो वापरला, जीझिप कॉम्प्रेशन लावलं आणि फाइल तसूभरही लहान झाली नाही. कारण कळायला दोन दिवस गेले: डेटासेटमध्ये फक्त संदर्भ राहतात, खरे आकडे ग्लोबल हीपमध्ये (फाइलमधल्या वेगळ्या साठ्यात) जातात आणि तिथे कॉम्प्रेशन पोचतच नाही.

त्यापेक्षा सगळं उलगडून एकाच लांब रांगेत ठेवा. तापमानाचा एक सलग अ‍ॅरे, दाबाचा एक, क्षारतेचा एक. शेजारी प्रत्येक प्रोफाइलची लांबी लिहा. तीन प्रोफाइल ७१, १०२ आणि ६८ पातळ्यांची असतील, तर बेरजा करत गेलं की ०, ७१, १७३, २४१ मिळतात. दुसरं प्रोफाइल हवंय? ७१ पासून १७३ च्या आधीपर्यंत कापा. एवढंच.

ही माझी युक्ती नव्हे, सीएफ संकेतांत (हवामान आणि समुद्राच्या नेटसीडीएफ फाइलींसाठीचे नियम) ती लिहिलेली आहे. लांबीच्या व्हेरिएबलला सॅम्पल_डायमेन्शन (या लांब्या कुठल्या रांगेच्या ते सांगणारं) हे अ‍ॅट्रिब्यूट द्या आणि फाइलचा फीचरटाइप (डेटा कशा स्वरूपाचा आहे ते) ट्रॅजेक्टरीप्रोफाइल ठेवा. अ‍ॅट्रिब्यूट मात्र विसरू नका. ते नसेल तर पुढच्या माणसाला ती निव्वळ आकड्यांची रांग दिसते.

कणकण:
पार्टिकल फिजिक्समध्ये आमचं रोजचंच दुखणं. एका इव्हेंटमध्ये (कणांच्या टकरीत) तीन ट्रॅक (कणांचे माग), दुसऱ्यात तीनशे. ऑकवर्ड अ‍ॅरे ही पायथन लायब्ररी मेमरीत हेच करते: सलग आकडे आणि ऑफसेट (प्रत्येक यादी कुठून सुरू होते ते). लांब्यांवरून अनफ्लॅटन केलं की परत यादीत यादी, फॉर लूप न लिहिता. फाइल फक्त तुमच्याच गटात फिरणार असेल तर पार्के हा फाइल-प्रकारही चालेल.

अरबी_लाट:
तीन प्रोफाइलवर करून पाहिलं, आकडे जसेच्या तसे परत आले! खूप आभार. एकच अडलंय. दर आठवड्याला वेगवेगळ्या फ्लोटांची नवी प्रोफाइल येतात. मधल्या फ्लोटात भर पडली की पुढचं सगळं सरकवायचं?

दीपस्तंभ_६२:
नाही, अजिबात सरकवू नका. लांबीची पद्धत फक्त पातळ्यांना, कारण प्रोफाइल अख्खं एकदम येतं. फ्लोटसाठी प्रत्येक प्रोफाइलसमोर त्याच्या फ्लोटचा क्रमांक लिहा आणि त्या व्हेरिएबलला इन्स्टन्स_डायमेन्शन (हे क्रमांक फ्लोटांचे आहेत ते सांगणारं) द्या. मग प्रोफाइल कुठल्याही क्रमाने आली तरी चालतात. प्रोफाइल आणि पातळ्या ही दोन्ही डायमेन्शन अमर्याद (नंतर वाढवता येतील अशी) ठेवा, नेटसीडीएफ-४ मध्ये ते चालतं. नवं आलं की शेवटी जोडा. क्रमांक शून्यापासून मोजा.