परदेशात स्वयंसेवक डेंटल नर्स म्हणून जायचे आहे: संस्था कशी निवडावी आणि तयारी काय करावी?

प्रश्न

नमस्कार. मी नोंदणीकृत डेंटल नर्स असून दवाखान्यात खुर्चीशेजारी उभे राहून डॉक्टरांना साहाय्य करणे हेच माझे रोजचे काम आहे. जिथे दंतवैद्य सहजी मिळत नाही अशा देशात जाऊन दोन-तीन आठवडे विनामोबदला काम करावे, असे फार दिवसांपासून मनात आहे. चौकशी सुरू केल्यावर मात्र गोंधळ उडाला. एका जाहिरातीत ‘अनुभवाची अट नाही, दात काढायलाही शिकवू’ असे लिहिलेले आढळले, तर काही संस्थांना फक्त दंतवैद्यच हवे आहेत. माझ्यासारखीचा तिथे खरोखर उपयोग होतो का, की उगीच एक माणूस वाढवल्यासारखे होते? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (शिबिरांत काम केलेली डेंटल नर्स)

उपयोग निश्चित होतो, पण तो आपल्याला वाटतो त्याहून वेगळ्या जागी. शिबिरात दात काढणारे हात मोजकेच असतात आणि त्या सर्वांचे काम अवजारांच्या टेबलावर अवलंबून असते. फोर्सेप्स (दात धरून ओढायचे चिमटे) आणि एलेव्हेटर (दात सैल करायचे अवजार) यांचे संच कमी, बाहेर रांग वाढत चाललेली, अशा वेळी ‘नुसते उकळून घ्या, चालेल’ असे कोणीतरी म्हणतेच. ते चालत नाही, कारण उकळत्या पाण्यात जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची कवचबंद टणक रूपे, टिकून राहू शकतात. दाबाखालची वाफच लागते: १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे, आणि ही वेळ ते तापमान गाठल्यानंतर मोजायची, झाकण लावल्यापासून नव्हे. वीज नसेल तेथे मोठा प्रेशर कुकर शेगडीवर चढवून हेच साधले जाते. त्यातली हवा आधी पूर्ण बाहेर जाऊ द्यावी लागते, कारण हवा अडकून राहिली की तेवढ्या भागात वाफ पोहोचत नाही. त्याहीपूर्वी प्रत्येक अवजार ब्रशने घासून, सांध्यातले वाळलेले रक्त काढून घ्यावे लागते, नाहीतर पुढचे सगळे व्यर्थ. अवजारांच्या पाकिटातल्या इंडिकेटर पट्टीचा (वाफ पुरेशी लागली की रंग बदलणाऱ्या पट्टीचा) रंग बदललेला नसेल, तर रांग कितीही मोठी असो, तो संच परत कुकरमध्ये गेला पाहिजे. असे सांगण्याचा अधिकार ज्या शिबिरात नर्सला असतो तेथेच जावे, असे माझे ठाम मत आहे.

खुर्चीजवळचे कामही बदलते. सक्शन (तोंडातली लाळ व रक्त ओढून घेणारे यंत्र) बहुधा नसते, रुग्ण साध्या खुर्चीवर बसलेला असतो आणि मागे उभे राहून त्याचे डोके व जबडा आपल्यालाच आधाराने स्थिर धरावा लागतो. दात काढल्यावर गॉज घट्ट चावून धरायला सांगून अर्धा तास तरी त्याला नजरेसमोर बसवून ठेवावे, कारण एकदा तो घरी गेला की रक्त थांबले की नाही हे पाहायला कोणी नसते. किडलेल्या दाताची पोकळी भरायचे ग्लास आयोनोमर सिमेंट उकाड्यात फार लवकर घट्ट होते. म्हणून काचेची पाटी गार ठेवावी, पोकळी कोरडी होऊन डॉक्टर तयार झाल्यावरच पूड व द्रव एकत्र करावेत आणि मिश्रणाची चकाकी गेली असेल तर ते टाकून द्यावे.

आता ‘दात काढायलाही शिकवू’ या जाहिरातीविषयी. जे काम आपल्या नोंदणीनुसार स्वतःच्या देशात करता येत नाही, ते परक्या देशातल्या गरीब माणसाच्या तोंडात करू नये. तिथे चूक झाली तर ती निस्तरायला दुसरा दवाखाना नसतो. अशा संस्थेला दुसरा प्रश्नही विचारण्याची गरज नाही.

उत्तर २ (दंतवैद्य)

वरील मताशी पूर्ण सहमत. संस्था निवडताना मी एकच गोष्ट पाहतो: पथक परतल्यावर तिथे काय उरते? ब्रिजटूएड या ब्रिटिश संस्थेने टांझानियात घालून दिलेली पद्धत मला म्हणूनच पटते. तिथे गेलेले दंतवैद्य आणि डेंटल नर्स ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांना वेदना थांबवणारे तातडीचे दंतोपचार शिकवतात, आणि निर्जंतुकीकरण हा त्या शिक्षणाचा महत्त्वाचा भाग असतो. मर्सी शिप्स ही १९७८ मध्ये स्थापन झालेली संस्था आफ्रिकेतल्या बंदरांत रुग्णालय-जहाजे नेते. त्यांच्या कामात दंतोपचारही असतात आणि स्थानिक वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर असतो.

दात काढणे हाच एक उपाय असल्यासारखी शिबिरे भरवली जातात, हे मला खटकते. ड्रिलशिवाय, हाताच्या अवजारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर भरण्याची एआरटी पद्धत १९८० च्या दशकात टांझानियातच आकाराला आली. कीड आहे तिथेच थोपवणारे सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर यांचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. यांपैकी काय वापरता, असे संस्थेला अवश्य विचारावे. उत्तरावरून बरेच कळते.

उत्तर ३

तयारीविषयी थोडेसे. हिपॅटायटिस बी लसीचा नेहमीचा क्रम शून्य, एक आणि सहा महिने असा आहे, व त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी करून घ्यावी, म्हणजे सुरुवात बरीच आधी करावी लागते. पीतज्वराची लस सक्तीची असेल, तर तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. त्या देशात काम करण्याची तात्पुरती परवानगी व व्यावसायिक विमा यांची कागदपत्रे लेखी मागा. सुई टोचल्यास एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. ती पथकाजवळच आहेत ना, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. त्या जाहिरातीचा विचार सोडला. आता एकच शंका: भाषा येत नसताना स्थानिक सहकाऱ्याला निर्जंतुकीकरण शिकवायचे कसे?

उत्तर १ (शिबिरांत काम केलेली डेंटल नर्स)

दुभाष्या असतो, पण हे काम मुख्यतः हातांनीच शिकवले जाते. मळकी अवजारे टेबलाच्या एका टोकाला आणि निर्जंतुक दुसऱ्या टोकाला, ही मांडणी पहिल्याच सकाळी आपण आणि स्थानिक सहकारिणीने मिळून करावी. सुरुवातीला तिने आपले काम पाहावे, मग तिने करावे आणि आपण बाजूला उभे राहावे. तिच्या दवाखान्यात जो कुकर आणि जी शेगडी आहे, त्यांवरच शिकवावे. आपण नेलेला ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र) आपल्याबरोबरच परत जातो.