ब्लॉक लेयरमधला शिळा पॉइंटर: नुसता काउंट पुरे की लॉक हवंच?

धागाकर्ता:
लिनक्स 5.14 मध्ये (2021) ब्लॉक लेयरमधला (कर्नलचा डिस्ककडे वाचन-लेखन पाठवणारा भाग) एक युज-आफ्टर-फ्री, म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरण्याचा बग, दुरुस्त झाला. डिस्ककडे निघालेल्या प्रत्येक रिक्वेस्टला टॅग (क्रमांक) मिळतो आणि त्या टॅगच्या खणात तिचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) राहतो. आयओ शेड्युलर (रिक्वेस्टचा क्रम ठरवणारा भाग) बदलला की जुन्या रिक्वेस्टची मेमरी मोकळी व्हायची, खणातला पॉइंटर मात्र तसाच. तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर कुणी टॅग तपासत फिरत असेल, तर तो थेट मोकळ्या झालेल्या मेमरीत.
दुरुस्तीत मोकळं करणारा आधी खण रिकामा करतो, मग स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक) एकदा घेऊन सोडतो, म्हणजे आत असलेला तपासणारा बाहेर पडेपर्यंत थांबतो. तपासणारा पॉइंटर वाचणं आणि काउंट (रिक्वेस्ट किती जण वापरताहेत तो आकडा) वाढवणं, दोन्ही त्याच लॉकखाली करतो. लॉक टाळून हे नीट झालं नसतं, असं माझं मत.

ड्रायव्हरवाला:
मला नाही पटत. रिक्वेस्टला काउंट 2018 मध्येच मिळाला होता. शून्य असेल तर वाढवू नये, हा नियम सगळीकडे पाळला की झालं. इंटरप्ट बंद करून प्रत्येक टॅगला लॉक घ्यायचं, तेही शेकडो टॅग असलेल्या एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर)?

धागाकर्ता:
पण तो काउंट राहतो कुठे? रिक्वेस्टच्या पोटातच. मेमरी गेली असेल तर शून्य आहे का हे बघणं हाच युज-आफ्टर-फ्री. शिवाय हे लॉक रोजच्या वाचन-लेखनाच्या वाटेवर नाहीच, फक्त तपासणीच्या फेरीत आहे.

ड्रायव्हरवाला:
काउंटचा मुद्दा मान्य, तो मी चुकलो. तरी लॉक नको. एसआरसीयू ही कर्नलमधली लॉकविना वाचू देणारी पद्धत वापरा: वाचणारे अडत नाहीत, मोकळं करणारा तेवढा थांबतो. अनेक सीपीयू एकाच वेळी फेरी मारू लागले की एकाच स्पिनलॉकवर रांग लागते.

रात्रपाळी:
क्रम दोघांचाही तोच आहे: आधी पॉइंटर काढा, वाचणारे बाहेर पडू द्या, मग मोकळं करा. थांबायचं कसं, एवढाच वाद. मला काळजी जुन्या कर्नलची आहे. तिथे परत न्यायला लहान, डोळ्यांखालून घालता येईल असा पॅच हवा, म्हणून आधी लॉकच योग्य.
आणि कासान (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) गप्प बसला म्हणून रेस (दोन सीपीयूंच्या वेळा जुळल्या तरच होणारी चूक) गेली असं धरू नका. अशाच एका बगवर माझे तीन आठवडे गेले. चूक घडण्याची वेळेची खिडकी इतकी अरुंद की मोकळं करण्याआधी मुद्दाम विलंब घातल्यावरच तो दिसला. पॅचसोबत तो विलंबाचा प्रयोगही द्यायला हवा.

ड्रायव्हरवाला:
प्रयोगाचं शंभर टक्के मान्य. जुन्या कर्नलला लॉक चालेल. मुख्य शाखेत मात्र मी एसआरसीयूच मागणार.