"घर सांभाळून होणारी नोकरी" : हायस्कूलच्या शिक्षिकांबद्दल हे बोलणं कधी थांबणार?

धागाकर्ती :
परवा एका समारंभात कुणीतरी माझी ओळख करून दिली, ह्या हायस्कूलला फिजिक्स शिकवतात, बायकांसाठी बरी नोकरी, घर सांभाळून होते. १९ वर्षं शिकवतेय, हे वाक्य शंभरदा ऐकलंय, पण त्या दिवशी डोक्यात गेलं म्हणून हा धागा. आज जिला घर सांभाळून होणारी म्हणतात ना, त्याच नोकरीतून बाईला लग्न झालं की काढून टाकायचे! जर्मनीत १८८० पासून तसा हुकूमच होता. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर बऱ्याच ठिकाणी हेच, ते १९४४ च्या शिक्षण कायद्यानं बंद झालं. तेव्हा काय सांगायचे, तर घर आणि शाळा दोन्ही बाईला जमत नाही. मग दुसऱ्या युद्धानंतर शाळेत मुलं वाढली, शिक्षक पुरेनात, आणि लग्न झालेल्या बायकांनाच परत या म्हणून बोलवायला लागले. बाई तीच, काम तेच. मग सोय नक्की कोणाची झाली? सोयीची नोकरी म्हटलं की पगारात, बढतीत मागे ठेवायला कारण आपोआप मिळतं, माझा राग त्यावर आहे.

ठाम असहमत :
ताई, राग कळतो पण तुम्ही जुनं उगाळून आजचं ठरवताय. माझी बायको पण हायस्कूलला आहे, इंग्रजी शिकवते. तिने स्वतः हा पेशा निवडला, सुट्ट्या आणि वेळा बघूनच निवडला, आणि त्यात कमीपणा काय? सोय बघणं हा गुन्हा आहे का? आणि आता बऱ्याच देशांत हायस्कूलला बायकाच जास्त आहेत, पगाराची श्रेणी एकच आहे. अन्याय कुठे राहिलाय ते तरी सांगा.

धागाकर्ती :
दादा, वेळांबद्दल बोलताय म्हणून सांगते. काल रात्री अकराला माझ्यासमोर ४२ पेपरचा गठ्ठा होता. एका मुलीने सर्किटची आकृती काढताना बॅटरीची टोकं उलटी लावली, पण पुढचं सगळं गणित बरोबर, मग तिला किती मार्क द्यायचे, आणि चूक अशी कशी लिहायची की तिला कळेल पण ती खचणार नाही, ह्यात दहा मिनिटं गेली. ही दहा मिनिटं कुठल्याच टाइमटेबलात नसतात हो.
आणि अन्याय कुठे, तर ओईसीडी म्हणजे विकसित देशांच्या संघटनेची २०१८ ची टालिस ही शिक्षकांची पाहणी बघा. सहभागी विकसित देशांत माध्यमिकच्या खालच्या टप्प्यावर ६८ टक्के शिक्षक बायका, पण मुख्याध्यापकांत ४७ टक्केच. जपानमध्ये तर तेव्हा मुख्याध्यापक बायका दहात एक सुद्धा नव्हत्या.

निवृत्त बाई :
धागाकर्तीशी पूर्ण सहमत. मी गणिताची. इंटरव्ह्यूला माझ्यासमोरच्या उमेदवाराला प्रमेय विचारलं आणि मला विचारलं लग्न कधी करणार, शाळेचं नाव सांगत नाही, आता काय उपयोग.
एक गोष्ट तरुण शिक्षिकांना माहीत नसते म्हणून लिहिते. हायस्कूलला विषय शिकवायचा तर पदवी लागते, आणि केंब्रिजमध्ये बायका शिकायच्या, परीक्षा पास व्हायच्या, पण पदवी द्यायचे नाहीत, ती पूर्णपणे मिळाली १९४८ ला. ऑक्सफर्डने १९२० ला दिली. म्हणून १९०४ ते १९०७ ह्या काळात ह्या दोन्हीकडच्या सातशेच्या आसपास बायका बोटीने डब्लिनला गेल्या आणि ट्रिनिटी कॉलेजकडून पदवी घेऊन आल्या, त्यातल्या कितीतरी शाळांमधून शिकवणाऱ्या होत्या. आधीच पास झालेल्या परीक्षेचा कागद आणायला समुद्र ओलांडायचा! हे वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं खरंच.
दुसरं म्हणजे मुलींच्या वेगळ्या शाळा होत्या तोवर त्यांच्या प्रमुख बायकाच असायच्या. नंतर इंग्लंडमध्ये त्या मुलांच्या शाळांमध्ये मिसळल्या तेव्हा एकत्र शाळेची खुर्ची बहुतेक वेळा पुरुषाकडे गेली. एकत्र शिक्षण हवंच, पण बायकांनी त्यात काय गमावलं ते कोणी मोजत नाही.

स्पष्ट बोलतो :
सगळं मान्य, पण मुलांचं काय? वयात येणाऱ्या मुलाला समोर एखादा पुरुष शिक्षक दिसायला हवा की नको? घरी आई, शाळेत मॅडम, मग तो कोणाकडे बघून शिकणार. आणि बायका वाढल्या तसा ह्या पेशाचा मान पण कमी झाला, कटू वाटेल पण खरं आहे.

धागाकर्ती :
पुरुष शिक्षक हवेतच, माझ्या स्टाफरूममध्ये अजून चार आले तर मला आनंदच आहे. पण हा मुद्दा कशासाठी वापरला गेलाय ते पण बघा. इंग्लंडमध्ये साधारण १९२० च्या सुमारास पुरुष शिक्षकांनी वेगळी संघटना काढली, मोठ्या मुलांना पुरुषांनीच शिकवावं ही त्यांची मागणी आणि बायकांना समान पगाराला त्यांचाच विरोध. तो समान पगार टप्प्याटप्प्याने पूर्ण मिळाला १९६१ ला.
मानाचं म्हणाल तर अमेरिकेत बायकांच्या हक्कांसाठी लढलेली सुझन अँथनी स्वतः शिक्षिका होती, तिने १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शिक्षकांच्या परिषदेत पुरुषांना तोंडावर सांगितलं की बाईला वकील, डॉक्टर व्हायची अक्कल नाही पण शिक्षक व्हायची आहे असं समाज म्हणत असेल, तर हा पेशा घेणारा प्रत्येक पुरुष आपली अक्कल बाईपेक्षा जास्त नाही हे कबूल करतोय. म्हणजे मान बायकांमुळे गेला नाही, बायकांनाच कमी लेखलं म्हणून त्यांच्या कामालाही कमी लेखलं.

स्पष्ट बोलतो :
पटत नाही. तरी उत्तर दिलंत त्याबद्दल आभार.

ठाम असहमत :
मघाशी बायकोला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली निवड माझीच होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोनदा मुख्याध्यापक पदाची जागा निघाली तेव्हा स्टाफमधून कोणी तिला विचारलं नाही, आणि घरी मी पण नाही विचारलं. निवडीच्या मुद्द्यावर मी अजून ठाम आहे. बाकी विचार करतोय.

निवृत्त बाई :
तिसऱ्यांदा जागा निघेल तेव्हा तिचा अर्ज पहिला असू दे. काही विचारायचं असेल तर तिला इथे लिहायला सांगा, मी रोज असते.