व्हीएममध्ये पिंग जातं, पण एचटीटीपीएस लटकतं (होस्टवर वायरगार्ड व्हीपीएन)

प्रश्न:
होस्ट उबुंटू २४.०४, केव्हीएम-लिबव्हर्टवर एक व्हर्च्युअल मशीन (गेस्ट), त्याला डिफॉल्ट नॅट (१९२.१६८.१२२.०/२४). होस्टवर वायरगार्ड सुरू केला की ऑफिसचा गिट सर्व्हर होस्टवरून व्यवस्थित चालतो. गेस्टमधून नाव रिझॉल्व्ह होतं, पिंग जातं, ४४३ ला कनेक्शनही जुळतं. पण कर्ल क्लायंट हेलो (एचटीटीपीएसचा पहिला संदेश) पाठवतो आणि तिथेच बसतो. साध्या एचटीटीपीवरची छोटी पानं येतात, मोठी फाइल शून्यावरून हलत नाही. गेस्टच्या टीसीपीडम्पमध्ये (पॅकेट पकडून दाखवणारं साधन) जाणाऱ्या पॅकेटांचा चेकसम चुकीचा दिसतोय. व्हर्टिओचं (गेस्टच्या आभासी नेटवर्क कार्डाचं) ऑफलोड, म्हणजे चेकसमचं काम कार्डावर सोपवणं, बंद करू का?

उत्तर १:
ऑफलोडला हात लावू नका. टीसीपीडम्प पॅकेट पकडतो तेव्हा चेकसम भरलेलाच नसतो, तो पुढे भरला जातो. खरंच चुकला असता तर हँडशेकसुद्धा झाला नसता.

त्याच डम्पमध्ये गेस्टच्या सिन पॅकेटचा (कनेक्शन जुळवणारं पहिलं पॅकेट) एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती डेटा घेईन तो आकडा, पाहा. १४६० असेल तर चोर सापडला. गेस्टच्या कार्डाचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५००, वायरगार्डचा १४२०. होस्ट स्वतः बोलतो तेव्हा १४२० मधून हेडरचे ४० वजा करून १३८० सांगतो, म्हणून त्याचं सुरळीत चालतं. गेस्टला पुढचा बोगदा अरुंद आहे हे माहीतच नाही. सर्व्हर पूर्ण १५०० चं पॅकेट पाठवतो, ते पलीकडच्या व्हीपीएन टोकाला अडतं. तिथून सर्व्हरला आयसीएमपी टाइप ३ कोड ४ ('पॅकेट मोठं आहे, लहान पाठव' हा निरोप) जायला हवा, पण वाटेतल्या फायरवॉलने आयसीएमपी सरसकट बंद केला असेल तर सर्व्हर तेच पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत राहतो. उत्तरात येणारं सर्व्हरचं सर्टिफिकेट मोठं असतं, म्हणून नेमकं क्लायंट हेलोनंतर अडकतं.

खात्री करायला गेस्टच्या कार्डाचा एमटीयू तात्पुरता १४२० करा आणि कर्ल नव्याने चालवा. चाललं तर निदान पक्कं.

प्रश्नकर्ता:
एमएसएस १४६० च होता. १४२० केल्यावर लगेच चाललं. पण गेस्टमध्ये डॉकर आहे, कंटेनरमधून अजून लटकतंय.

उत्तर २:
डॉकरचा ब्रिज (कंटेनरांचं आभासी नेटवर्क) अजून १५०० वरच आहे. डीमनच्या कॉन्फिगमधला एमटीयू फक्त डिफॉल्ट ब्रिजला लागतो, कंपोजच्या प्रत्येक नेटवर्कला वेगळा द्यावा लागतो आणि ते नेटवर्क पाडून पुन्हा उभं करावं लागतं. या भानगडीत पडण्यापेक्षा होस्टवरच बंदोबस्त करा: आयपीटेबल्सच्या मँगल टेबलमध्ये, फॉरवर्ड चेनला, वायरगार्डच्या इंटरफेसमधून बाहेर पडणाऱ्या सिन पॅकेटांसाठी टीसीपीएमएसएस टार्गेट, 'क्लॅम्प टू पीएमटीयू' पर्यायासह, म्हणजे एमएसएस वाटेच्या एमटीयूला साजेसा कमी होतो. गेस्ट असो की कंटेनर, सगळे तिथूनच जातात. नियम वायरगार्डच्या पोस्टअपमध्ये (सुरू होताना चालणाऱ्या आज्ञा) लिहा आणि पोस्टडाउनमध्ये (बंद होताना चालणाऱ्या) काढा, नाहीतर रीबूटनंतर गायब.

उत्तर १:
सहमत. फक्त हा नियम टीसीपीपुरताच आहे, मोठ्या यूडीपी पॅकेटांना त्याचा उपयोग नाही. आणि घरची लाइन पीपीपीओई (लॉगिन लागणारी ब्रॉडबँड जोडणी) असेल तर मुळातच १४९२ मिळतात. वायरगार्डचे ८० वजा करून त्याचा एमटीयू १४१२ ठेवा. तपासायला होस्टवरून डोन्ट-फ्रॅगमेंट ('पॅकेट तोडू नका' ही खूण) लावून बोगद्यापलीकडे १३८४ बाइटचं पिंग करा, त्यात हेडरचे २८ मिळवले की १४१२ होतात. १३८५ ला 'मेसेज टू लाँग' यायला हवं.