कर्जाचं पुढे बघू, पण देखभालीचं काय?

"मंदीत सरकारने रस्ते-पूल काढावेत, हाताला काम मिळतं, कर्जाचं पुढे बघू" हा नेहमी मांडला जाणारा मुद्दा मला अर्धाच पटतो. मागणी आटली की खाजगी गुंतवणूकदार हात आखडता घेतो, तेव्हा कुणीतरी खर्च करायलाच हवा, हे खरं. पण २००९ मध्ये अमेरिकेने ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज काढलं, प्रकल्प तयारच आहेत म्हणून सांगितलं, आणि २०११ मध्ये खुद्द ओबामांनीच ते वाटले तितके तयार नव्हते असं हसत कबूल केलं. निविदा आणि परवानग्यांना मंदीची घाई नसते!

खरा हिशेब मात्र पुढे लागतो. जपानने नव्वदच्या दशकात मंदीवर उतारा म्हणून पॅकेजमागून पॅकेज काढलं. आज सरकारी कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त आहे. त्यात तिथलाच महामार्गावरचा सासागो बोगदा (हा १९७७ चा, पॅकेजांच्या आधीचा): २०१२ मध्ये छताच्या काँक्रीटच्या लाद्या धरून ठेवणारे बोल्ट निसटले आणि ९ जण गेले. त्यानंतर पूल-बोगद्यांची दर ५ वर्षांनी जवळून तपासणी सक्तीची झाली. म्हणजे नव्वदीत बांधलेल्या प्रत्येक पुलाच्या माथी आता हा खर्च आहेच, मग त्यावरून रोज चार गाड्या जावोत की चार हजार.

फीत कापायला मंत्री मिळतो, बोल्ट बदलायच्या तरतुदीला वाली नसतो. माझ्या मते मंदीत आधी दुरुस्तीची कामं काढावीत. त्यांना सहसा भूसंपादन लागत नाही, त्यामुळे पैसाही लवकर बाजारात येतो.