डोळ्यात नवीन रक्तवाहिन्या आल्या तर वाईट काय?

प्रश्न: आईला २० वर्षं शुगर आहे, पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या आल्यात म्हणून डोळ्यात इंजेक्शन सांगितलंय, डोळ्यापुढे काळी जाळी तरंगते म्हणते. पण रक्तपुरवठा वाढला तर चांगलंच ना?

उत्तर: नाही हो, या वाहिन्या कच्च्या असतात, गळतात, फुटतात, ती जाळी बहुतेक रक्ताचीच. शुगरने केशवाहिन्या बंद पडल्या की पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, मग एरवी पेशीत लगेच मोडलं जाणारं हिफ-१ अल्फा प्रोटीन टिकून राहतं आणि व्हीईजीएफचं, म्हणजे नवीन रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रोटीनचं, जीन चालू करतं. ऑक्सिजन ओळखायची ही यंत्रणा शोधणाऱ्या तिघांना २०१९चं नोबेल मिळालंय.

उत्तर: इंजेक्शन त्या व्हीईजीएफलाच पकडतं, पण परिणाम ओसरतो, तारखा चुकवू नका प्लीज, माझ्या बाबांच्या दोन चुकल्या आणि परत रक्त उतरलं.

प्रश्नकर्ता: आता कळलं, गुरुवारचीच वेळ घेतो.